लग्नात वाजवतो म्हणजे मी हरलो का?

"मॅडम, जॅझसाठी नोकरी सोडली आणि आता लग्नाच्या संगीतात फिल्मी गाणी वाजवतोय." मुंबईतल्या तरुण वादकांकडून हे मी इतक्यांदा ऐकते की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. पुढचा गिटारवादक ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय चौतीस. घरचे डोंबिवलीत, हा गोरेगावात मित्राबरोबर भाड्याने. हिवाळ्यात लग्नं आणि कॉर्पोरेट शो, पावसाळ्यात क्लास. महिन्यात एखादा गुरुवार वांद्र्याला जॅझ, त्याचे पैसे रिक्षा आणि जेवणातच संपायचे. माझ्याकडे आला तेव्हा सराव बंद होता आणि आईचे फोनही तो उचलत नव्हता.

समुपदेशक म्हणून माझी घडण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारातली: घटनेपेक्षा तिच्यावरून आपण काढलेला निष्कर्ष जास्त छळतो. त्यामुळे किती कमावतोस यापेक्षा त्या कमाईवरून तू स्वतःला काय ठरवतोस, याकडे माझं लक्ष जास्त.

"काय ठरवलंस?"

"ढोंगी. जॅझवाला म्हणवतो आणि पोट भरतं नागिन डान्सवर."

त्याचं दैवत अमेरिकी जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी. मी विचारलं, सुरुवातीला त्यांचं कसं चालायचं? त्यानेच सांगितलं: इंडियानापोलिसमध्ये दिवसा कारखान्यात काम, रात्री क्लबात गिटार. मग ते ढोंगी?

"मॅडम, ते वेस आहेत!"

मुंबईच्या उदाहरणांचंही तेच झालं. गोव्याहून आलेले चिक चॉकलेट हॉटेलांत ट्रंपेट वाजवायचे आणि सी. रामचंद्रांचे सहायक म्हणून सिनेमालाही हात लावायचे. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर रात्रीची कामं आटली, तेव्हा बऱ्याच वादकांना स्टुडिओंनी तारलं. त्याला हे सगळं पाठ होतं, उपयोग शून्य. थोरांची उदाहरणं देऊन धीर देणाऱ्या नातेवाइकांना मी हे नेहमी सांगते. उदाहरण जितकं मोठं, तितका समोरचा स्वतःला लहान करून घेतो.

म्हणून पुढच्या वेळी मी त्याला खाली, त्याच्याच माणसांत आणलं.

"लाज नक्की कुणासमोर वाटते?"

"जे ऐकून ओळखतात त्यांच्यासमोर. असतील दहा-पंधरा जण. बहुतेक वाजवणारेच."

"त्यातले फक्त जॅझवर जगणारे किती?"

तो बोटांवर मोजायला लागला. बेसवाला जिंगल्स करतो, ड्रमर शाळेत शिकवतो, पियानोवाला तर याच्याच बरोबर लग्नात असतो. बोटं तशीच थांबली.

"एकही नाही."

"मग ते सगळे ढोंगी?"

"छे! कमाल वाजवतात." आणि मग स्वतःशीच हसला. "म्हणजे हा कायदा मी फक्त मलाच लावलाय."

हे मी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा तेच घोकलं असतं. प्रश्न नेमका लागला की उत्तर माणूस स्वतः उचलतो, आणि स्वतः उचललेलं सोडत नाही. इतक्या वर्षांच्या कामात माझा या एका गोष्टीवरचा विश्वास वाढतच गेलाय.

त्याचं दुःख खोटं नव्हतं. जॅझवर पोट भरावं ही इच्छा रास्तच आहे, ती सोड असं मी कुणालाही सांगणार नाही. पण ती पुरी झाली नाही तर मी कवडीमोलाचा, हा निकाल त्या इच्छेला चिकटला की आधी सराव मरतो.

मग हिशेब सुरू झाला, आणि अशा प्रत्येकाने तो कागदावर करावा. वर्षाचं भाडं आणि किराणा निघायला किती लग्नं लागतात? तेवढी घ्यायची, अ‍ॅडव्हान्स घेऊन, आणि त्यापेक्षा जास्तीच्या लग्नांना नाही म्हणायचं. गुरुवार कुठल्याही भावात विकायचा नाही. सकाळचा सराव कमाईच्या वहीत धरायचा नाही. पालकांनी "पुढे काय?" विचारण्याऐवजी "या गुरुवारी काय वाजवलंस?" विचारावं, नाव कळलं नाही तरी चालेल.

लग्नांचा आकडा त्याच्या अंदाजापेक्षा बराच कमी निघाला. तरी या हिवाळ्यात त्याने दोन जास्तीची घेतली, नव्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी. आईला मात्र तो अजून क्लासचंच सांगतो, त्यावर आमचं काम चालू आहे.