स्लीप टेक्नॉलॉजिस्ट होऊन न्यू जर्सीला यायचंय, तर नागपुरात आधी काय करशील

तू विचारलंस ते थोडक्यात असं: बीपीएमटी (पॅरामेडिकल पदवी) न्यूरॉलॉजीतून केलंय, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) काढतेस, पुढच्या वर्षी लग्न आहे आणि होणारा नवरा एच-१बी या कामाच्या व्हिसावर न्यू जर्सीत आहे. एक संस्था सहा महिन्यांचा स्लीप टेक्नॉलॉजीचा, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी करण्याचा, कोर्स दोन लाखांत देतेय, वर ‘अमेरिकेत नोकरी पक्की’ असंही सांगतेय. घ्यावा का?

नको घेऊस. हे काम मी इथे अमेरिकेत करते आणि मनापासून आवडतं मला, तू या क्षेत्रात यावंस असंही वाटतं. पण ‘नोकरी पक्की’ म्हणणाऱ्याला ना व्हिसा माहीत आहे ना इथला परवाना. ते दोन लाख जपून ठेव. तुला जे हवंय ते बरंचसं नागपुरातच, जवळपास फुकटात मिळू शकतं.

आधी कडू भाग सांगून टाकते. लग्न करून येशील तेव्हा तुझा व्हिसा एच-४, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा, असेल. त्यावर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. नवऱ्याची आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी केलेली याचिका, मंजूर झालेली असेल, किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवलेला असेल, तरच तुला कामाचा परवाना मागता येतो. म्हणजे पहिला प्रश्न संस्थेला विचारायचा नाहीये, तो होणाऱ्या नवऱ्याला विचारायचाय: कंपनीने ग्रीन कार्डाची फाइल कुठवर नेली आहे? लग्नाआधी हे विचारायला संकोच वाटेल, तरी विचार. त्याच्या उत्तरावर तुझी पहिली दोन-तीन वर्षं ठरणार आहेत.

या कामावर स्वतःचा एच-१बी मिळणं जवळजवळ अशक्य समज. त्यासाठी पदाला ठरावीक विषयातली पदवी लागते असं कंपनीला दाखवावं लागतं, आणि इथे स्लीप टेक्नॉलॉजिस्टची भरती सर्टिफिकेट किंवा दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवरही होते. नर्स आणि फिजिकल थेरपिस्ट यांना ग्रीन कार्डासाठी शेड्यूल ए नावाची सवलत आहे. आपण त्या यादीत नाही.

आता परीक्षा. इथे मानाचं प्रमाणपत्र म्हणजे आरपीएसजीटी, ते बीआरपीटी हे मंडळ देतं. बहुपर्यायी प्रश्नांची ही परीक्षा भारतात बसूनही देता येते. पण बसायला प्रत्यक्ष पॉलिसोम्नोग्राफीच्या (रात्रभराच्या झोपेच्या तपासणीच्या) अनुभवाचे तास लागतात, ते अलीकडचे असावे लागतात आणि वरिष्ठाने सही करून प्रमाणित करावे लागतात. शिवाय मंडळाने मान्य केलेलं शिक्षण आणि बीएलएस म्हणजे सीपीआरचं चालू प्रमाणपत्र. पात्रतेचे मार्ग अनेक आहेत आणि नियम मधूनमधून बदलतात, म्हणून बीआरपीटीची उमेदवार पुस्तिका स्वतः उतरवून घे आणि पहिल्या पानापासून वाच. त्या संस्थेच्या माणसाला एवढंच विचार: तुमचा कोर्स यातल्या कोणत्या मार्गात बसतो, पान दाखवा.

परीक्षा झाली म्हणजे संपलं असंही नाही. न्यू जर्सीत राज्याचं स्वतंत्र पॉलिसोम्नोग्राफी बोर्ड आहे, त्याच्या परवान्याशिवाय हे काम करता येत नाही. हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला गेलीस तर तिथला परवाना वेगळा. कॅलिफोर्नियात हेच काम मेडिकल बोर्ड बघतं. नवऱ्याने राज्य बदललं की तुलाही कागद नव्याने करावे लागतील, हे दोघांनी मिळून लक्षात ठेवा.

एवढं वाचून हिरमुसू नकोस, कारण तुझ्याकडे जे आहे ते इथे शून्यातून शिकणाऱ्याकडे नसतं. नेझिऑन (नाकाचं मूळ) ते इनिऑन (डोक्यामागचा उंचवटा) टेप धरून १० आणि २० टक्क्यांच्या खुणा करणं तुझ्या बोटांत आहे. झोपेच्या तपासणीत डोक्यावर त्यातल्या मोजक्याच जागा लागतात: एफ४ (पुढे), सी४ (मध्ये), ओ२ (मागे) आणि विरुद्ध बाजूचा मॅस्टॉइड (कानामागचं हाड), सोबत दुसऱ्या बाजूच्या राखीव. पण डोळ्यांच्या दोन, हनुवटीच्या, दोन्ही नडग्यांच्या, ईसीजी, नाकात दाब मोजणारी नळी, तिच्याजवळ श्वासाची ऊब टिपणारा थर्मिस्टर, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर, हे सगळं वाढतं. ईईजी अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. झोपेच्या तपासणीत तीच वायर माणूस कूस बदलत असताना, दोनदा बाथरूमला जाऊन येत असताना सकाळपर्यंत टिकायला हवी, आणि इम्पिडन्स (त्वचेशी जोडणीतला विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या आत हवा. आपल्याकडे बायका येताना केसांना तेल लावून येतात. अशा वेळी त्वचा नीट घासून पेस्ट कशी बसवायची हे पुस्तकात वाचून येत नाही. इथे घट्ट वेण्या घातलेले, कृत्रिम केस जोडलेले रुग्ण असतात. ज्याने नागपुरात तेलकट केसांवर हात बसवलाय तो इथेही गडबडत नाही.

आणखी एक गोष्ट नागपुरात जितकी शिकायला मिळते तितकी इथे मिळत नाही. मे महिन्यात रात्री दोन वाजता लॅबचा एसी ट्रिप झाला की थोड्या वेळाने पडद्यावरच्या बऱ्याच रेषा संथपणे वरखाली डुलायला लागतात. नवख्याला वाटतं रुग्ण गाढ झोपेत गेला, डेल्टा लहरी आल्या. असतो तो घाम. एन३ (गाढ झोप) धरायचा तर ०.५ ते २ हर्ट्झच्या, ७५ मायक्रोव्होल्टपेक्षा मोठ्या लहरी पुढच्या इलेक्ट्रोडवर तीस सेकंदांच्या तुकड्याच्या निदान २० टक्के भागात दिसायला हव्यात. घामाचा डोल त्याहून संथ असतो आणि ज्या इलेक्ट्रोडखाली घाम साचलाय तिथे दिसतो. फिल्टर लावून तो लपवण्यापेक्षा खोली गार करायची, पंखा रुग्णाकडे वळवायचा. असे प्रसंग वहीत लिहून ठेव. मुलाखतीत ‘आर्टिफॅक्ट (खोटा सिग्नल) कसा ओळखता’ हा प्रश्न हमखास येतो, आणि स्वतः पाहिलेलं सांगणारा उमेदवार लगेच कळतो.

म्हणून माझा सल्ला असा. धंतोली, रामदासपेठेत छातीरोग आणि न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांकडे विचारत फिर, कोणाकडे पूर्ण रात्रीची, टेक्निशियन जागं राहून करतो ती तपासणी होते. यंत्र घरी देऊन दुसऱ्या दिवशी परत घेणारी नको. मेडिकल, मेयो या सरकारी कॉलेजांत आणि मिहानच्या एम्समध्येही चौकशी कर. वर्ध्याजवळचं सावंगी मेघे लांब नाही, तिथेही विचारून बघ. पगार कमी असला तरी चालेल, अट एकच ठेव: रात्री वायर लावू द्या, सकाळी तुम्ही स्कोअर करता (रेषा वाचून नोंदी करता) तेव्हा शेजारी बसू द्या. पहिल्याच दिवशी हेही ठरवून घे की तासांची नोंद दर महिन्याला सही करून मिळेल. वर्षभराने डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले की ती सही मिळवणं महाकठीण.

स्कोअरिंग मन लावून शीक. आठ तासांच्या रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे ९६० तुकडे होतात आणि प्रत्येकावर तुला निर्णय द्यायचा असतो. श्वासाचा प्रवाह निदान ९० टक्के घटून निदान १० सेकंद तसाच राहिला तर ॲप्निया (श्वास थांबणं). हायपोप्नियाला (श्वास उथळ होण्याला) घट निदान ३० टक्के, पण सोबत काय हवं यावर दोन नियम आहेत: एकात ऑक्सिजन ३ टक्के पडणं किंवा मेंदूची क्षणिक जाग, दुसऱ्यात ऑक्सिजन ४ टक्के पडणंच हवं. मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, ४ टक्क्यांचा नियम धरतं. त्यामुळे एकाच रात्रीचा एएचआय (तासाला अशा किती घटना झाल्या तो आकडा) एका नियमाने १८ आणि दुसऱ्याने ११ येऊ शकतो. मेडिकेअरमध्ये १५ किंवा त्याहून वर असेल तर सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र) मंजूर होतं, ५ ते १४ मध्ये दिवसा झोप येणं, रक्तदाब अशी सोबतची कारणं दाखवावी लागतात. तुझ्या स्कोअरवर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला यंत्र मिळणार की नाही हे ठरतं. मला हे काम इतकं मोलाचं वाटतं ते यामुळेच.

टायट्रेशनही, म्हणजे सीपॅपचा योग्य दाब ठरवणं, बघून घे: मास्क लावून ४ सेंटिमीटर पाण्याच्या दाबापासून सुरुवात, दोन वाढींमध्ये निदान पाच मिनिटं, मोठ्यांमध्ये २० पर्यंत. खरं कसब मात्र मास्कला घाबरलेल्या माणसाला रात्री साडेअकराला समजावण्यात आहे. मराठीत, हिंदीत तू ते करशीलच. इंग्रजीत करायचा सराव आत्तापासून, मोठ्याने बोलून कर.

एक सवय मात्र तिकडेच सोडून ये. नागपुरात सकाळी दार उघडलं की नातेवाईक विचारतात, ‘काय निघालं?’ आणि आपण भीड पडून काहीतरी सांगतो. इथे निदान सांगणं फक्त डॉक्टरचं काम आहे. टेक्नॉलॉजिस्टने ‘तुम्हाला ॲप्निया दिसतोय’ एवढं म्हटलं तरी नोकरीवर येऊ शकतं.

कामाचं रूप आहे तसं सांगते. बहुतेक जागा रात्रीच्या, संध्याकाळी सात ते सकाळी सात, आठवड्यात तीन रात्री, एका टेक्नॉलॉजिस्टकडे साधारण दोन रुग्ण. नवरा दिवसा कामावर, तू दिवसा झोपलेली, यावर दोघांनी आधीच बोलून घ्या. सकाळी बर्फात गाडी चालवत घरी यायचं, तेही जागरणानंतर. गाडी शिकूनच ये. साध्या घोरण्याच्या तपासण्या विमा कंपन्या आता घरच्या यंत्रावर ढकलतात. त्यामुळे लॅबमध्ये हृदयविकाराचे, फुप्फुसाचे, खूप वजनाचे, लहान मुलांचे असे अवघड रुग्ण उरतात, आणि तिथे चांगला हात असणाऱ्याची गरज राहते.

आणि हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तुझ्या ईईजीच्या अनुभवाला इथे स्वतंत्र किंमत आहे. एब्रेट हे मंडळ आर.ईईजी.टी. प्रमाणपत्र देतं, आणि त्यात दिवसपाळीच्या नोकऱ्या स्लीपपेक्षा जास्त मिळतात. धंतोलीतली नोकरी सोडू नकोस. ईईजीचे तासही तसेच सही करून घे, दोन्ही दारं उघडी राहतील.

कागदांचं लगेच सुरू कर. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) लग्नाआधी, हातात वेळ असतानाच काढून घे, सीलबंद पाकिटांच्या दोन प्रती जास्तीच्या. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव लावायचं की नाही हे घरात सगळ्यांच्या मतांआधी तू ठरव. पदवीवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं आणि अनुभवपत्रावर आडनावाचं तिसरं स्पेलिंग झालं, तर प्रत्येक मंडळाला वेगवेगळी शपथपत्रं द्यावी लागतात. नाव बदलणारच असशील तर तासांच्या नोंदीवर, बीएलएसवर आणि परीक्षेच्या अर्जावर पासपोर्टवरचंच स्पेलिंग, अक्षरानुअक्षर.

नवऱ्याकडून आय-१४० चं उत्तर आलं की मला कळव. त्यावर ठरवू, परीक्षा तिकडून देऊन यायची की इथे येऊन आधी कम्युनिटी कॉलेजला नाव घालायचं.