मे महिन्यात मित्र नागपूरला येतोय, त्याला काय काय दाखवू?

तुम्ही विचारलंय की पुण्याचा मित्र मेच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवसांसाठी येतोय, तुम्ही स्वतः बदली होऊन इथे नवीन, तर त्याला फिरवायचं कसं की सरळ "डिसेंबरात ये बाबा" म्हणायचं. येऊ द्या हो. मी इथलाच, आमच्याकडे पाहुणे उन्हाळ्यातच टपकतात कारण पोरांच्या सुट्ट्या तेव्हाच, आणि आजपर्यंत कोणी वितळून गेलेलं नाही. फक्त एक करा, तो आला की पहिल्या दिवसापासून त्याला नागपूरच्या घड्याळावर आणा. मेमध्ये हे शहर पहाटेपासून साधारण नऊपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर, असं दोन पाळ्यांत चालतं, आणि पुण्याचा माणूस दहाला आरामात आंघोळ करून "चला आता कुठे जायचं" म्हणतो तिथेच सगळी गडबड होते.

तुम्ही सांगताय त्या तारखा म्हणजे ऐन नवतपा. 25 मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, त्यानंतरचे नऊ दिवस. 44-45 अंश तर आम्ही मोजतच नाही, 23 मे 2013 ला 47.9 झालं होतं तेव्हा मात्र लोक जरा चर्चा करून राहिले होते. 2024 च्या मेमध्ये एका ठिकाणी 56 दाखवलं म्हणून देशभर बातम्या झाल्या, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडलेला होता. तुमच्या मित्राने तो स्क्रीनशॉट नक्की सेव्ह करून ठेवला असणार, त्याला हे आधीच सांगून टाका.

सकाळी साडेपाचला उठवा. शिव्या देईल, देऊ द्या. आधी दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत धम्मदीक्षा घेतली ती ही जागा, आणि हे फोटो काढून निघायचं ठिकाण नाहीये, आत स्तूपाच्या घुमटाखाली थोडा वेळ बसा, बाहेर बोधिवृक्षाजवळ थांबा. सकाळीच जायचं अजून एक कारण म्हणजे चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारच्या त्या फरशीवर पुणेकर नाचत येईल.

तिथून तर्री पोहा. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला चांगला मिळतो पण खरं सांगायचं तर प्रत्येकाचा आपापला ठेला ठरलेला असतो आणि त्यावर भांडणंही होतात. पोहे साधेच, पिवळे, वाफाळलेले, बाजूला चण्याच्या रश्श्याचं मोठं पातेलं आणि त्यावर लाल तेलाचा तवंग. ठेलेवाला पळी आधी नुसती वरच्यावर फिरवून तवंग उचलतो, तो पोह्यांवर सोडतो, मग खालून चणे काढतो, मग कांदा, थोडा चिवडा, लिंबू. पोहे अर्धे संपले की लोक प्लेट परत पुढे करतात, "भाऊ, तर्री मारा अजून". मित्र म्हणेल 45 अंशात एवढं तिखट कशाला. खाऊन झाल्यावर विचारणार नाही. हां, त्याला सांबार घालू का असं कोणी विचारलं तर घाबरू नये म्हणावं, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

झिरो माइल पण सकाळीच उरकून घ्या, पाच मिनिटांचं काम. इंग्रजांच्या काळातला दगडी खांब आणि चार घोडे. सगळे तिथे देशाचा मध्यबिंदू म्हणून सेल्फी काढतात, पण फाळणीनंतर देशाचा नकाशाच बदलला त्यामुळे तो हिशोब आता लागत नाही. तरी फोटो काढा, घोड्यांचा काय दोष. सीताबर्डीचा किल्ला अगदी जवळच आहे, 1817 मध्ये भोसले आणि इंग्रजांची लढाई तिथेच झाली, पण तो लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे लोकांसाठी 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टलाच उघडतो, तेव्हा तुमच्या तारखांना तो फक्त खालून बघायचा.

आता दुपार. अकरा ते पाच उन्हात काढूच नका त्याला. मी हे मस्करीत नाही सांगून राहिलो, लू लागली की माणूस आडवा होतो आणि तीन दिवसांची ट्रिप दवाखान्यात जाते. त्याला दुपारचं नागपूर बघायचंच असेल तर गॅलरीतून दाखवा, मोठमोठे रस्ते रिकामे, एखादा स्कूटरवाला जातो तो डोळे सोडून सगळा दुपट्ट्यात गुंडाळलेला. बस्स, मग आत या आणि कूलरसमोर झोपा. एसी असेल घरात तरी एक दुपार कूलरची द्याच त्याला. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर तो डबा, तीन बाजूंनी ओल्या ताट्या, त्यात वाळा असेल तर क्या बात, पंप सुरू केल्यावर पहिल्या दोन मिनिटांत जो ओला वास खोलीभर पसरतो तो एसीत कुठून येणार. इथली हवा कोरडी असते म्हणून हे जमतं, मुंबईत तोच कूलर लावला तर अंग नुसतं चिकट होईल. एक मात्र नक्की सांगा, पाणी भरताना आधी स्विच बंद, प्लग काढायचा आणि चालू कूलरला हात लावायचा नाही, दर उन्हाळ्यात विदर्भात यात माणसं जातात.

दुपारी झोप येतच नसेल तर मेट्रो. हसू नका. एसी, स्वस्त, आणि सीताबर्डीला लाइन बदलून दोन्ही मार्ग वरून वरून बघून होतात, कामठी रोडवर तर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो असा प्रकार आहे, इंजिनिअर मित्र असेल तर त्याचा तासभर तिथेच जाईल. अजब बंगला, म्हणजे 1863 चं मध्यवर्ती संग्रहालय, मला मनापासून आवडतं पण ते सकाळी उघडल्या उघडल्या करा, दुपारचं नको. पोरं सोबत असली तर रमण विज्ञान केंद्राचं तारांगण.

संध्याकाळी सहानंतर फुटाळा तलाव. साडेसहाला सुद्धा वारा गरमच असतो, अपेक्षा ठेवू नका, पण सूर्य पाण्यापलीकडे उतरला की अर्धं शहर तिथे येऊन बसतं, तिथे भाजलेलं कणीस नाहीतर बर्फाचा गोळा घेऊन तुम्ही पण बसा. दुसऱ्या संध्याकाळी महाल-इतवारी, म्हणजे जुन्या शहराचा बाजाराचा भाग, गाडी लांब लावून पायी, नाहीतर अख्खा वेळ पार्किंग शोधण्यात जातो.

जेवणाचं म्हणाल तर एक रात्र सावजी, म्हणजे इथलं झणझणीत मसाल्याचं जेवण. तिखट कमी करा असं सांगू नका, भाकरी आणि कांदा जास्त मागवा. पण मेमध्ये माझा जीव सावजीपेक्षा लांब रोटी आणि आमरसात. ही करताना त्याला मुद्दाम दाखवा. पीठ इतकं सैल की दुसऱ्या कोणाच्या हातात ते राहणारच नाही, बाई ते दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवते आणि चुलीवर उलट्या ठेवलेल्या मडक्यावर टाकते, क्षणात फोड येतात आणि रोटी उतरते, आरपार दिसेल इतकी पातळ. घरी बोलावून करून देणाऱ्या बायका आहेत, शेजारी विचारा, कोणीतरी नंबर देईल.

आणि तो संत्री मागणार, हे लिहून घ्या. संत्र्याचे हंगाम दोन, आंबिया बहार हिवाळ्याच्या सुरुवातीचा, मृग बहार फेब्रुवारी-मार्चचा, मेअखेर कोणी गाडीवर ढीग लावून "नागपुरी" म्हणत असेल तर पुढे चला. संत्रा बर्फी घेऊन द्या, ती बाराही महिने मिळते.

ताडोबाचं डोक्यात असेल तर सीझन हाच, पाणवठ्यावर वाघ दिसायचे दिवस, पण मंगळवारी बंद असतं आणि सफारी आधी बुक करावी लागते, तेव्हा ते आजच बघा. सकाळचीच घ्या, जिप्सी उघडी असते. परतीचं तिकीट रात्रीच्या गाडीचं काढायला सांगा त्याला, आणि मे मध्ये स्लीपरचं काढत असेल तर तुम्ही मधे पडून एसीचं काढून द्या.