काउन्सेलिंगने सेल्फ-एस्टीम खरंच वाढतो का, की नुसते पैसे जातात?

तुम्ही लिहिलंय की वय २४, नाशिकलाच जॉब, चारचौघांत बोलायची वेळ आली की आपण फालतू आहोत असं वाटतं आणि घरचे म्हणतात काउन्सेलिंग-बिन्सेलिंग सगळे पैसे काढायचे धंदे. माझं सांगते, त्यावरून बघा.

मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. चार वर्षांपूर्वी माझी अवस्था अशी की सीबीएस बसस्टँडवरून शेअर रिक्षात बसायचे आणि माझा स्टॉप आला तरी "दादा थांबवा" म्हणायला तोंडच उघडायचं नाही, मग दुसरं कोणी उतरेल तिथे उतरायचं आणि उन्हातान्हात मागे चालत यायचं. हसू नका, एकदा पार अशोकनगरला पोचले होते.

पहिल्या काउन्सेलरकडे दोनदा गेले. आरशासमोर उभं राहून 'मी यशस्वी आहे, मी सुंदर आहे' रोज २१ वेळा म्हणायचं. आठ दिवस केलं, आरशातली बाई म्हणायची चल खोटारडे. जास्तच पडल्यासारखं झालं. पुढे वाचनात आलं की कॅनडात जोआन वूड म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग छापलेत आणि ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट असतं त्यांना असल्या वाक्यांनी उलट जास्त वाईट वाटतं असं त्यात निघालं. घ्या!

मग कॉलेज रोडच्या एक मॅडम मिळाल्या, त्या आरईबीटी करायच्या, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती, अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास काढलेली. मी म्हटलं मला सेल्फ-एस्टीम वाढवायचाय, तर म्हणाल्या, ते आपण करणारच नाही. मी चाटच पडले. मग विचारलं, "कंपनीत मशीनवरचा जॉब, म्हणजे पार्ट, रिजेक्ट झाला की काय करतेस?" म्हटलं, लाल टॅग लावते, कारण लिहिते, रिवर्कला पाठवते. "आणि मशीन? भंगारात?" मला हसूच आलं. "मग एक मीटिंग फसली की तू अख्खी कशी भंगारात जातेस?"

एलिसचं म्हणणं साधारण हेच, मार्क द्यायचे तर कामाला द्या, माणसाला मार्क देणंच बंद करा.

ऐकायला सोपं आहे हो, पण अंगात मुरायला पाच महिने लागले. एक वही होती, त्यात काय घडलं, मनात काय आलं, मग कसं वाटलं, आणि शेवटी 'कशावरून?'. एक नोंद अजून आठवते. साहेबांनी मेलला रिप्लाय दिला नाही. माझा रिपोर्ट टुकार असणार. दिवसभर पोटात गोळा. कशावरून? दुसऱ्या दिवशी कळलं साहेब सिन्नरच्या प्लांटला ऑडिटमध्ये अडकले होते, मेल उघडलीच नव्हती. होमवर्क पण असायचा, माझा पहिला होमवर्क म्हणजे रिक्षात मुद्दाम एक स्टॉप आधी "थांबवा" म्हणून ओरडायचं आणि लोक काय करतात ते बघायचं. छाती धडधडत ओरडले. कोणी मान वळवली नाही, रिक्षावाला फक्त म्हणाला, ताई सुट्टे द्या.

पैशाचं म्हणाल तर मला १२ सेशन लागले, एकाचे ८००. 'काउन्सेलर' अशी पाटी कोणीही लावतं, त्यामुळे शिक्षण काय ते बिनधास्त विचारा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन लागतं. खर्च जमत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आणि मराठीत बोलता येतं. झोप-जेवण उडालं असेल किंवा जगावंसंच वाटत नसेल तर मात्र वही-बिही नंतर, आधी सायकियाट्रिस्ट गाठा.

आणि घरच्यांना लगेच सांगितलंच पाहिजे असं काही नाही. मी आईला शिवणक्लासला जाते म्हणून सांगितलं होतं, ती अजून विचारते, ब्लाउज कुठंय?