माझा डिफेन्स कुणीतरी तोडला, म्हणजे मी संपलो का?

"मॅडम, माझी एवढी वर्षं वाया गेली." मी समुपदेशक, पीएचडी करणाऱ्या मुलामुलींकडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, त्यातही मशीन लर्निंग आणि सायबर सिक्युरिटीवाले जास्त, कारण त्यांच्याकडे आज छापलेलं उद्या कुणीतरी मोडून दाखवतं.

हा मुलगा तिसऱ्या वर्षाला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). फेलोशिप 42 हजार, बरोबरचे मित्र कंपन्यांत जाऊन कुठल्या कुठे, आई फोनवर "अजून किती रे?" आणि अशात दुसऱ्या एका टीमने पेपर लिहून त्याचा डिफेन्स, म्हणजे मशीन लर्निंग मॉडेलला फसवणाऱ्या हल्ल्यांपासून वाचवायची त्याने काढलेली पद्धत, फोडला. त्या पेपरची प्रिंट तो घडी करून खिशात घेऊन फिरायचा. चौथ्या भेटीत बाहेर काढली, घड्या पार विरलेल्या, एका ओळीखाली पेनाने इतक्या रेघा मारलेल्या की कागद फाटला होता.

"बघा, दोन ओळींत मला संपवलं."

"तुला की डिफेन्सला?"

गप्प. मग विचारलं, हे तुझ्याच बाबतीत पहिल्यांदा झालंय का? तर गडी सुरूच झाला, 2018 मध्ये अथाल्ये, कार्लिनी आणि वॅग्नर या संशोधकांनी आयसीएलआर या मशीन लर्निंगच्या मोठ्या परिषदेला निवडले गेलेले 9 डिफेन्स तपासले, 7 जणांत एकच फसगत निघाली, मॉडेल भक्कम झालंच नव्हतं, हल्लेखोराला वाट दाखवणारा ग्रेडियंट (इनपुट कुठल्या दिशेने बदललं की मॉडेल चुकेल, हे सांगणारं गणित) फक्त झाकला गेला होता, 6 पूर्ण कोसळले आणि 1 अर्धवट.

"मग त्या 7 टीम बिनकामाच्या?"

"छे हो! त्यांच्यामुळेच तर कळलं की..." आणि तिथेच अडकला.

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला प्रॅक्टिसने शिकवलंय आणि त्याचं मला समाधान आहे.

हट्टी विचार तपासायला लावणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, मी त्यांच्या वळणाची, त्यामुळे माझं लक्ष 'च'कडे जातं. 'डिफेन्स टिकावा' ही इच्छा, 'टिकलाच पाहिजे, नाहीतर मी फुकट' हा हट्ट, झोप हट्टाने उडते. तुम्हीही रात्री डोक्यात फिरणारं वाक्य कागदावर लिहा आणि त्यातला 'च' शोधा. पण पैशाची ओढाताण असेल किंवा गाईड महिनोन्महिने भेटत नसेल तर तो विचारांचा दोष नाही, तिथे घरी हिशोब मांडून बोला, गाईडला मेल करून भेटीची तारीख मागा.

पुढच्या भेटीला तो प्रिंट न घेता आला. डिफेन्स फोडणाऱ्या टीमलाच त्याने मेल केली होती, हल्ल्याचा कोड मिळेल का म्हणून. दुसऱ्या दिवशी कोड आला, सोबत त्यांचे 3 प्रश्न.

"मॅडम, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक माझ्याकडे आहे."