अडीच लाखांचे टॉवेल

सोलापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मध्यस्थीचा विषय शिकवायला तुझ्याकडे आला, तुझी आखणी वाचली. आधी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 89, मग 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, मग 2023 चा मध्यस्थी कायदा, आणि सराव शेवटच्या आठवड्यात. हा क्रम उलटा कर. कलमं मुलं घरी वाचतील. समोरच्याला नीट विचारायचं कसं, हे वाचून येत नाही.

पहिल्याच तासाला वाद हातात दे, तोही इथला. नमुना बघ. अक्कलकोट रोडचा यंत्रमाग कारखानदार आणि टॉवेलचा व्यापारी. 5,000 टॉवेल, नगाला 120 रुपये, एकूण 6 लाख. साडेतीन लाख मिळाले, अडीच लाख अडकले. व्यापारी म्हणतो, 2,000 नग 400 ग्रॅमऐवजी 370 ग्रॅमच भरले, आता एक लाखावर छदाम देणार नाही. एवढं दोघांनाही ठाऊक. पुढचं गुप्त कागदांवर. कारखानदाराला 1,90,000 च्या खाली उतरता येत नाही, आठ दिवसांत कामगारांचा पगार करायचाय, आणि सूत याच व्यापाऱ्यानं सांगितलेल्या पेढीतून उचललं होतं. व्यापारी 2,35,000 पर्यंत जाऊ शकतो. महिनाअखेर त्याला त्याच रंगाचे आणखी 3,000 नग हवेत आणि तो रंग दुसरीकडे जुळत नाहीये.

आकडे मुद्दाम असे आहेत. अडीच आणि एक यांच्या मधोमध पावणेदोन लाख येतात, म्हणजे कारखानदाराच्या तळाच्याही खाली. 'थोडं तू सोड, थोडं तू सोड' करणारा गट तिथंच अडकतो. त्रैराशिक मांडणाऱ्याला दिसतं की 400 मागे 30 ग्रॅम म्हणजे साडेसात टक्के. 2,000 नगांच्या 2,40,000 वर ते 18,000 होतात. सगळं भांडण मुळात 18,000 चं! आणि 'पैसे नेमके कधी लागतात, पुढचा माल कधी हवाय?' असं विचारणाऱ्या गटाला कामगारांचा पगार आणि पुढच्या 3,000 नगांची गोष्ट सापडते.

चौघांचा गट कर: दोन पक्षकार, एक मध्यस्थ, एक निरीक्षक. दोन तासांत 15 मिनिटं कागद वाचायला, 40 बैठकीला, 10 करार लिहायला, उरलेली सगळी चर्चेला. बहुतेक शिक्षक इथंच घसरतात: बैठक रंगते, लांबते, आणि चर्चेला पाच मिनिटं उरतात. मग मुलांच्या हाती नाटक राहतं, शिक्षण नाही. निरीक्षकानं मत द्यायचं नाही, मोजायचं. पहिला आकडा कितव्या मिनिटाला तोंडातून निघाला, मध्यस्थानं प्रश्न किती विचारले, सल्ले किती दिले. मग सगळ्या गटांच्या रकमा फळ्यावर ओळीनं लिही. कागद तेच, तरी एक गट 1,92,000 वर मिटलेला, दुसरा 2,32,000 वर, तिसरा मिटलेलाच नाही. का, ते निरीक्षकांच्या नोंदींतून मुलांनाच शोधू दे. गुण मात्र रकमेवर देऊ नकोस. पुढच्या वेळी गुप्त कागद आधीच फुटतील.

गावाकडच्या मुलांच्या डोळ्यांपुढे पंच असतो. 2007 पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समित्याही त्यांनी पाहिलेल्या असतात. मध्यस्थाच्या खुर्चीत बसली की दहाव्या मिनिटाला निवाडा देऊन मोकळी. निवाडा लवाद देतो, मध्यस्थ नाही; हा फरक व्याख्येपेक्षा इथं लवकर कळतो. दुसरी चूक स्वतंत्र बैठकीत होते. एकाशी 25 मिनिटं बोलायचं आणि दुसरा बाहेर बाकावर संशय शिजवत बसलेला. दोघांना सारखा वेळ, आणि उठण्याआधी ठरलेला प्रश्न: 'यातलं पलीकडे काय सांगू, काय नको?'

भाषेकडे दुर्लक्ष करू नकोस. आपल्या शहरात कारखानदार घरी तेलुगू बोलतो, मुनीम कानडी, अर्ज मराठीत. एखादा गट तसाच रचून बघ. दुभाषा बनलेला मुलगा चार वाक्यांचं एक वाक्य करतो आणि नेमकी दुखरी जागा गाळतो.

करारात 'लवकरात लवकर' दिसलं की लाल शाई. रक्कम, तारीख, कसे द्यायचे, हप्ता चुकला तर काय, एवढं हवंच.

कायदा दुसऱ्या आठवड्यात आण, याच वादातून. रक्कम अडीच लाख ठेवली त्याला कारण आहे. ती 3 लाखांवर ने, की वाणिज्यिक न्यायालय कायद्याचं कलम 12अ आडवं येतं. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची, हे सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात पक्कं केलं. 2023 चा कायदा मात्र सरसकट लागू झाला असं सांगू नकोस. 9 ऑक्टोबर 2023 ला त्यातली फक्त काही कलमं अमलात आली. वर्गात जाण्याआधी राजपत्र उघड.

संशोधनाचं विचारलंस. खऱ्या बैठका गोपनीय, त्यात कुणी बसू देणार नाही. पण पक्षकारांशी नंतर, त्यांच्या संमतीनं बोलता येतं, आणि वर्गातल्या सरावाच्या नोंदी वर्षानुवर्षं साठवल्या तर तोही ऐवज आहे. लोकअदालतीत 'निकाली' निघालेल्या प्रकरणांच्या आकड्यांवर निष्कर्ष बांधू नकोस. त्यात वाहतुकीचे दंड आणि बँकेच्या थकबाक्याही असतात. आधी ते वेगळे काढ.

गुप्त कागद दोन रंगांवर छाप, कारखानदाराचा पिवळा, व्यापाऱ्याचा निळा. एक जरी चुकीच्या हातात गेला तरी त्या गटाचा तास वाया. पहिला वाद रचलास की आकड्यांसह पाठव.