दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासातील सुरक्षितता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दक्षिण आफ्रिकेला जाण्याच्या तयारीत असलेल्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे आली असून, त्यांतील बहुतेकांचा रोख तेथील गुन्हेगारीकडे आहे. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त आहोत. एका प्रवासी कंपनीबरोबर जोहान्सबर्ग, क्रूगर अभयारण्य आणि केप टाऊन अशी सहल ठरवली आहे. आगाऊ रक्कमही भरली आहे. मात्र आमची मुलगी म्हणते की पैसे बुडाले तरी चालतील, पण तिकडे जाऊ नका. ही भीती कितपत खरी मानावी?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या मुलीची काळजी निराधार नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ या वर्षात त्या देशात २७ हजारांहून अधिक खून झाले. भारतात २०२२ मध्ये खुनाचे २८ हजार ५२२ गुन्हे नोंदले गेले. आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण आपली लोकसंख्या १४० कोटींच्या घरात आहे आणि त्यांची सहा कोटींच्या थोडी वर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे फरक किती मोठा आहे ते कळते. त्या वर्षी दर लाख लोकसंख्येमागे तेथे सुमारे ४५ खून झाले, तर आपल्याकडे तीनही झाले नाहीत.

तथापि हे खून देशभर सारखे पसरलेले नाहीत. केप टाऊनजवळची न्यांगा, खायेलित्शा आणि डेल्फ्ट, तसेच डर्बनजवळची इनांडा आणि उम्लाझी अशा ठरावीक वस्त्यांतील पोलीस ठाणी सर्वाधिक खुनांच्या यादीत वर्षानुवर्षे वरच्या स्थानी दिसतात. वंशभेदाच्या राजवटीने १९५० च्या वस्तीविभाजन कायद्याखाली कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर लोकांना शहरांबाहेर ढकलले. त्यांतून वाढलेल्या वस्त्यांत बेकारी, टोळ्या आणि बेकायदा पिस्तुले एकत्र आली आहेत, आणि जीव जातो तो मुख्यतः तेथेच राहणाऱ्या गरीब माणसांचा, विशेषतः तरुण पुरुषांचा. पर्यटकाच्या वाट्याला सहसा येते ती वाटमारी, बॅग हिसकावणे, कार्डाची फसवणूक किंवा गाडी लुटली जाणे.

आमच्या मते आपण जावे. गटाबरोबर, बसने आणि स्थानिक वाटाड्याच्या सोबतीने फिरणाऱ्या प्रवाशाला धोका बराच कमी असतो. तो वाढतो मोकळ्या संध्याकाळी, जेव्हा ‘समोरच तर मॉल आहे, पायी जाऊन येऊ’ असे वाटते. जोहान्सबर्गमध्ये अंधार पडल्यावर पाच मिनिटांचे अंतरही गाडीनेच जावे. तेथील सुखवस्तू लोकसुद्धा तसेच करतात, त्यामुळे त्यात भित्रेपणा वाटण्याचे कारण नाही. कंपनीला एवढे मात्र आताच विचारून घ्यावे की हॉटेल सँडटन किंवा रोझबँक या त्या मानाने सुरक्षित भागांत आहे की जुन्या शहराच्या मध्यवर्ती भागात, आणि बस क्रूगरला दिवसाउजेडी पोहोचणार आहे की नाही. उत्तर टाळले गेले, तर लेखी मागावे.

प्रश्न : आम्ही चार मित्र स्वतः गाडी चालवत फिरणार आहोत. तेथे आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असल्याने अडचण येणार नाही असे वाटते. जोहान्सबर्ग विमानतळावर गाडी घेऊन थेट क्रूगर, आणि नंतर विमानाने केप टाऊनला जाऊन तेथे दुसरी गाडी, असा बेत आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वाहतुकीची बाजू एकच असल्याचा फायदा खराच आहे, आणि रस्तेही उत्तम आहेत. परंतु त्या देशात पर्यटकावर जे गंभीर प्रसंग येतात, त्यांतले बरेचसे गाडीत, गाडीत बसताना किंवा गाडीतून उतरताना येतात. गाडी हिसकावून नेण्याच्या वीस हजारांहून अधिक घटना तेथे २०२२-२३ या एका वर्षात नोंदल्या गेल्या, आणि काही चौकांत तर ‘येथे गाड्या लुटल्या जातात’ असा इशारा देणारे सरकारी फलक लावलेले आहेत.

आपले विमान रात्री उतरणार असेल, तर त्याच रात्री गाडी ताब्यात घेऊ नये. विमानतळापासून प्रवाशाच्या मागे लागून त्याला वाटेत किंवा मुक्कामाच्या दारात गाठणाऱ्या टोळ्या जोहान्सबर्गमध्ये आहेत. विमानतळालगतच्या हॉटेलात राहावे, किंवा ‘गाउट्रेन’ चालू असेल तर तिने सँडटनला जावे. २०१० च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या तोंडावर सुरू झालेली ही जलद रेल्वे स्वच्छ आणि चोख पहाऱ्यातली आहे, मात्र ती रात्रभर धावत नाही. शहरांतल्या जुन्या लोकल गाड्यांना हे वर्णन लागू करू नये.

क्रूगरला सकाळी लवकर निघावे. एन-४ हा टोल महामार्ग धरून गेल्यास मालेलाने प्रवेशद्वार अगदी जवळ पडते. नुंबी प्रवेशद्वाराकडे जाणारा रस्ता मात्र टाळावा, कारण ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच रस्त्यावर एका जर्मन पर्यटकाला लुटारूंनी गोळी घालून ठार केले होते. नकाशाचे ॲप जवळचा म्हणून तोच मार्ग सुचवू शकते. शिवाय क्रूगरची दारे सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात, आणि उशीर झालेला चालक घाईत आडवाटेला वळतो. म्हणून दुपारी तीनच्या आत दाराशी पोहोचण्याचा हिशेब ठेवावा.

केप टाऊनला नकाशाचा प्रश्न आणखी बिकट आहे. विमानतळ न्यांगा वस्तीला लागूनच आहे, आणि ॲपने दाखवलेल्या आडरस्त्याने तेथे शिरलेल्या परदेशी प्रवाशांवर गोळीबार झाल्याचे प्रसंग घडले आहेत. त्यामुळे विमानतळाबाहेर पडल्यावर फलक पाहत एन-२ महामार्गाला लागावे आणि शहर येईपर्यंत तो सोडू नये. संप, रास्ता रोको किंवा टायर जाळल्याची बातमी असेल, तर विमानतळावरच थांबावे. ऑगस्ट २०२३ मध्ये मिनीबस टॅक्सीचालकांच्या संपात त्या भागात जीवितहानी झाली होती.

गाडी चालवताना काचा वर, दारे बंद आणि मांडीवर किंवा सीटवर काहीही नाही, हा नियम कडक पाळावा. सिग्नलला थांबलेल्या गाडीची काच फोडून मोबाईल किंवा बॅग उचलण्याला तेथे काही सेकंद पुरतात. पुढच्या गाडीची मागची चाके दिसतील इतके अंतर ठेवून थांबल्यास बाजूला वळून निघता येते. गाडी उभी करून रिमोटचे बटण दाबल्यावर दार हाताने ओढून पाहावे, कारण रिमोटचा संदेश अडवणारे यंत्र वापरून चोर गाडी उघडीच राहील अशी व्यवस्था करतात. पिवळे जाकीट घालून गाड्यांवर लक्ष ठेवणारी माणसे वाहनतळावर भेटतात. त्यांना परत निघताना पाच-दहा रँड द्यावेत. तो तिथला रिवाज आहे.

निळा दिवा लावलेल्या गाडीने थांबण्याची खूण केली तर काय करावे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो महत्त्वाचा आहे, कारण पोलिसांचे सोंग घेऊन लुटणारे तेथे आहेत. वेग कमी करावा, इशारादर्शक चारही दिवे लावावेत, हात बाहेर काढून ‘मागे या’ अशी खूण करावी आणि जवळच्या पोलीस ठाण्यावर किंवा वर्दळीच्या पेट्रोल पंपावर जाऊन थांबावे. हा मार्ग तेथील पोलिसांनीच सुचवलेला आहे. वेग वाढवून पळू मात्र नये.

आणि पिस्तूल रोखून कोणी गाडी मागितलीच, तर ती द्यावी. हात दिसतील असे वर ठेवावेत, नजर खाली ठेवावी, पट्टा सोडण्यासाठी हात खाली नेण्यापूर्वी तसे सांगावे, आणि उतरून दूर व्हावे. चौघांपैकी एखाद्याला मर्दुमकी गाजवण्याची सवय असेल, तर त्याच्याशी हे बोलणे ठाणे शहर सोडण्यापूर्वीच उरकून घ्यावे.

प्रश्न : मंगळसूत्र आणि बांगड्या घालून जावे का? सासूबाई म्हणतात, सवाष्णीने गळा मोकळा ठेवू नये. रोख रक्कम किती न्यावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सोने घरीच ठेवावे. साध्या दोऱ्यात ओवलेली काळ्या मण्यांची पोत घातल्यास सासूबाईंचेही मन राहील आणि ती कपड्यांच्या आत राहते. चांगले घड्याळ, हिऱ्याच्या कुड्या आणि गळ्यात अडकवलेला महागडा कॅमेरा यांनाही हेच लागू आहे. खोट्या दागिन्यांचा उपयोग नाही, कारण हिसकावणारा ते आधी पारखून पाहत नाही.

रोख एका दिवसापुरती जवळ असावी आणि बाकी व्यवहार कार्डाने करावेत. हॉटेल, पेट्रोल पंप आणि दुकाने सर्वत्र कार्ड घेतात. यंत्र आपल्यापाशी आणायला सांगावे, कार्ड नजरेआड जाऊ देऊ नये. एटीएम वापरायचे झाल्यास मॉलच्या किंवा बँकेच्या आतले वापरावे, आणि कार्ड अडकले असता जो आपणहून मदतीला येतो त्याला यंत्राजवळ येऊ देऊ नये, कारण बहुधा त्यानेच ते अडकवलेले असते. केप टाऊनच्या मध्यवर्ती भागात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एखादा इसम ‘या रस्त्यावर चालायला परवाना लागतो, तो एटीएमवरून काढावा लागतो’ असे सांगतो. असा परवाना अस्तित्वात नाही. जवळच्या दुकानात शिरावे.

प्रश्न : केप टाऊनच्या टेबल माउंटन या डोंगरावर पायी चढावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला चढ जड नाही, पण पायवाटांवर लुटीच्या घटना होतात. किमान चौघे मिळून, सकाळी, गर्दीच्या प्लाटेक्लिप वाटेने जावे. एकट्याने जाण्याऐवजी रोपवे घ्यावा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून सेवाग्रामला अनेक वर्षे जाऊन-येऊन आहे. डर्बनजवळचा गांधीजींचा फिनिक्स आश्रम पाहण्याची फार इच्छा आहे. तो भाग धोकादायक आहे असे ऐकले. खरे आहे का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : खरे आहे, आणि तरीही जाता येते. १९०४ मध्ये गांधीजींनी वसवलेली फिनिक्स वसाहत इनांडा भागात आहे, म्हणजे वर उल्लेखिलेल्या ठाण्यांपैकी एकाच्या हद्दीत. १९८५ च्या दंगलीत ती जळाली आणि नंतर पुन्हा उभारली गेली. तेथे टॅक्सीने एकट्याने जाऊन, परतीची गाडी मिळेल या भरवशावर राहणे योग्य नाही. डर्बनमधील नोंदणीकृत वाटाड्याबरोबर सकाळी जावे, तोच आपल्याला आणून सोडील, आणि वाटेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष जॉन दुबे यांनी स्थापन केलेली ओहलांगे ही शिक्षणसंस्थाही दाखवील. १९९४ मध्ये नेल्सन मंडेला यांनी आपले पहिले मत तेथेच दिले होते.

जोहान्सबर्गचा ‘कॉन्स्टिट्यूशन हिल’ हा जुना तुरुंग अवश्य पाहावा. गांधीजी आणि मंडेला दोघेही तेथे बंदिवासात होते. आवार सुरक्षित आहे, पण शेजारचा हिलब्रो भाग तसा नाही, म्हणून गाडी दारापर्यंत न्यावी आणि दारातूनच परत घ्यावी. पीटरमारिट्झबर्गच्या स्थानकावर, जेथे जून १८९३ मध्ये गांधीजींना डब्यातून उतरवले गेले, तेथेही दिवसाच आणि सोबतीनेच जावे.

प्रश्न : लूट झालीच, पासपोर्ट गेला, तर पहिल्यांदा काय करायचे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सुरक्षित ठिकाणी पोहोचून पोलिसांना १०१११ वर किंवा मोबाईलवरून ११२ वर फोन करावा. रुग्णवाहिकेसाठी १०१७७ हा क्रमांक आहे. खासगी रुग्णालये चांगली आहेत, पण विमा किंवा आगाऊ रक्कम मागतात, तेव्हा विम्याचा क्रमांक मोबाईलबाहेर कागदावरही लिहिलेला असावा. कार्डे लगेच बंद करावीत. पासपोर्टसाठी प्रिटोरियातील भारतीय उच्चायुक्तालय किंवा जोहान्सबर्ग, डर्बन आणि केप टाऊन येथील वाणिज्य दूतावास यांच्याशी संपर्क साधावा. परत येण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र तेथून मिळते. त्यासाठी आणि विम्याच्या दाव्यासाठीही पोलिसांकडील नोंद लागते, म्हणून तक्रार दिल्यावर तिचा नोंदणी क्रमांक हातात पडल्याखेरीज ठाण्यातून निघू नये.