तिकडचे प्राध्यापक टिकतात का?

नेरुळच्या महाविद्यालयात सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत असल्याचे आणि इंग्लंडमधील एका विद्यापीठाची तीन वर्षांची नेमणूक हाती आल्याचे तुम्ही लिहिले आहे, आणि तिकडचे प्राध्यापक समाधानी असतात का, टिकतात का, असे विचारले आहे. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर मिळतील. मी या प्रश्नापुरतेच लिहिते.

मी ठाण्यातील एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्राची कायम प्राध्यापक होते. पगार वेळेवर होत असे, आठवड्याचे 16 तास शिकवणे कधी जड गेले नाही, नौपाड्यातून चालत कॉलेजला जाता येत होते. तरी मी सोडले, कारण पीएच.डी. असल्यामुळे चार वर्षांनी मिळायची ती स्थाननिश्चिती, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीतील बढती, सातव्या वर्षीही झाली नव्हती. फाईल तीनदा परत आली: आधी उजळणी वर्गाच्या (प्राध्यापकांसाठीच्या प्रशिक्षणाच्या) प्रमाणपत्रावरील तारीख सेवापुस्तकातील नोंदीशी जुळत नाही म्हणून, मग दुरुस्तीचे पत्र मूळ प्रतीत नाही म्हणून, आणि तिसऱ्यांदा कोणताही शेरा न लिहिता. ती फाईल मी इकडे इंग्लंडला शिकवायला येताना बरोबर आणली. प्रश्न रकमेचा नव्हता. आपले काम कोणी वाचत नाही, फक्त त्याची पाने मोजली जातात, ही भावना घेऊन वर्गात उभे राहणे मला सहन होईना.

इकडे ती भावना कमी आहे, कारण माझ्या विषयाचा अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका मीच तयार करते. पण इथल्या 1988 च्या शिक्षण सुधारणा कायद्यानंतर ‘कायम’ या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ इथे उरलेला नाही: कायम प्राध्यापकाचीही जागा रद्द होऊ शकते. इंग्लंडमध्ये देशी विद्यार्थ्यांच्या वार्षिक फीची मर्यादा 2017 पासून 2025 पर्यंत 9,250 पौंडांवरच राहिली, तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या फीतून भरून काढली गेली, आणि जानेवारी 2024 पासून त्यांतील बहुतेकांना कुटुंब आणण्यास मनाई झाल्यावर तो ओघही घटला. अनेक विद्यापीठांनी स्वेच्छानिवृत्ती योजना काढल्या. माझ्या विभागातील चार सहकारी गेले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, त्यांचे विषय आमच्यात वाटले गेले. नोकरी संपल्यास तुम्हाला साधारणपणे 60 दिवसांत दुसरा स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या व्हिसाची जबाबदारी घेणारी नोकरी देणारी संस्था, शोधावा लागेल, आणि कायम वास्तव्यासाठी सहसा किमान पाच वर्षे लागतात. तुमची नेमणूक तीनच वर्षांची आहे. म्हणून सही करण्यापूर्वी विभागातून अलीकडे किती जण गेले आणि त्यांतील किती जागा भरल्या, हे लेखी विचारा.

एकटेपणाविषयीही तुम्ही विचारले आहे. तो पहिल्या हिवाळ्यात असतो, नंतर कामात राहत नाही.

राजीनामा मात्र सत्र संपल्यावर द्या. मी जानेवारीत निघाले तेव्हा तृतीय वर्षाचा वर्ग अर्ध्यावर होता. उरलेले सत्र त्यांना तासिका तत्त्वावरील तीन वेगवेगळ्या शिक्षकांनी शिकवले, आणि माझ्या जागी आजवर कायम नेमणूक झालेली नाही. त्या वर्गातील एका मुलीने मार्चमध्ये पाठवलेल्या शंकांना मी उत्तर दिले, ते परीक्षा झाल्यावर.